'कोंजुंतीवो प्रेझेंते': मराठी माणसाने कुठून सुरुवात करावी

इटालियन शिकताना पहिले काही महिने बरे जातात. वर्तमानकाळ जमतो, कॉफी मागता येते, तिकीट काढता येतं. मग बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, पुस्तकात कोंजुंतीवो नावाचं क्रियापदाचं रूप येतं आणि वर्गात बसणारी डोकी कमी व्हायला लागतात. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत त्याला सब्जंक्टिव्ह म्हणतात आणि "इंग्रजीत हे रूप आता फारसं उरलेलं नाही" अशा दिलगिरीनेच धडा सुरू होतो. ती दिलगिरी आपण स्वतःला लावून घ्यायचं कारण नाही. आपल्याकडे विध्यर्थ आहे, चांगला धडधाकट आहे, आणि घराघरात रोज वापरात आहे: यावं, करावं, असावा, होऊ नये. कोंजुंतीवोचं निम्मं काम हाच विध्यर्थ करतो. उरलेल्या निम्म्यात मात्र मराठी आपल्याला हमखास चुकीच्या वाटेला नेते. कुठलं निम्मं कुठलं, हे आधी ओळखून घेतलं की पाठांतर पुष्कळ वाचतं.

सुरुवातीलाच एक अट. साधा वर्तमानकाळ, म्हणजे 'इंदिकातीवो प्रेझेंते', तोंडात बसलेला हवा. 'मी' चं रूप विचारल्यावर 'वादो', 'फाच्चो', 'वेंगो', 'एस्को' असं न अडखळता येत नसेल तर आठवडाभर तेच घोटा, मग इकडे या. खाली इटालियन शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. वहीत उतरवताना त्यांचं स्पेलिंग शब्दकोशातून घ्या. जोडाक्षरं मात्र इथूनच नीट म्हणायला लागा. 'आब्बिआ' मधल्या 'ब्ब' वर ओठ क्षणभर थांबले नाहीत तर इटालियन कानाला ते खटकतं.

पहिली पायरी: जे आधीच ऐकताय ते गोळा करा

तक्ता नंतर. आधी खिडकीवर जाऊ. भारतातून इटलीत जास्त दिवस शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो' साठी, पोलीस कार्यालयाच्या, म्हणजे 'क्वेस्तूरा' च्या, खिडकीवर उभं राहावं लागतं. तिथे कानावर पडतं ते साधारण असं:

'सी आक्कोमोदी.' बसा.
'मी दीआ इल पास्सापोर्तो.' पासपोर्ट द्या.
'फीर्मी क्वी.' इथे सही करा.
'आस्पेत्ती.' थांबा.
'आब्बिआ पात्सिएंत्सा.' जरा धीर धरा.
'तोर्नी मार्तेदी.' मंगळवारी या.

यातलं प्रत्येक क्रियापद कोंजुंतीवो आहे. इटालियनमध्ये परक्या माणसाला आदराने सांगायचं असेल तर 'लेई' वापरतात. 'लेई' म्हणजे एरवी 'ती', त्यामुळे क्रियापद तृतीयपुरुषी येतं, आणि आज्ञा द्यायची वेळ आली की ते कोंजुंतीवोतून उसनं घेतलं जातं. आपल्याकडे साहेबांना समोरासमोर "साहेबांनी आत यावं, बसावं" म्हणतात किंवा पाटीवर "कृपया रांगेत उभे राहावे" लिहितात, तोच हा प्रकार. हुकूम सोडायचा नाही, म्हणून विध्यर्थात बोलायचं.

तेव्हा पहिलं काम एवढंच: अशा वाक्यांची एक यादी करा. 'स्कूझी' (माफ करा), 'सेंता' (ऐका हो), 'ग्वार्दी' (हे बघा), 'मी दीका' (बोला, काय हवंय), 'वादा द्रित्तो' (सरळ जा), 'प्रेंदा ला प्रीमा आ देस्त्रा' (पहिलं उजवं वळण घ्या), 'मी फाच्चा सापेरे' (मला कळवा), 'नोन सी प्रेओक्कूपी' (काळजी करू नका). दुकानात, दवाखान्यात, घरमालकिणीशी बोलताना ती वापरा. मुंबई-पुण्यात बसून शिकत असाल तर इटालियन रेडिओवरचे श्रोत्यांच्या फोनचे कार्यक्रम इंटरनेटवर ऐका. 'सेंता' आणि 'मी दीका' चा तिथे पाऊस असतो. ही दहा-बारा रूपं कानात मुरली की तक्ता समोर आल्यावर त्यातली निम्मी तोंडं ओळखीची निघतात.

दुसरी पायरी: रूप तयार करणं

एका क्रियापदाची सहा रूपं, पण प्रत्यक्षात माहिती हवी ती दोनच रूपांची, एकवचनाच्या आणि 'आम्ही' च्या. एकवचनात तिन्ही पुरुषांना एकच रूप असतं; मी, तू, तो सगळ्यांना तेच. 'आम्ही' चं आधीच येत असतं, म्हणून तेवढं एक आलं की बाकीचं आपोआप सुटतं.

एकवचन असं करा. 'आरे' ने संपणाऱ्या क्रियापदाला शेवटी 'ई' लागतो: 'पार्लारे' (बोलणे) चं 'पार्ली'. 'एरे' आणि 'ईरे' वाल्यांना 'आ' लागतो: 'प्रेंदेरे' (घेणे) चं 'प्रेंदा', 'दोर्मीरे' (झोपणे) चं 'दोर्मा'. म्हणजे साध्या वर्तमानकाळातले स्वर अदलाबदल करून घेतल्यासारखे. तिथे 'तो बोलतो' हे 'पार्ला' असतं आणि 'तो घेतो' हे 'प्रेंदे'.

अनियमित क्रियापदांना लोक घाबरतात, पण त्यांच्यासाठी एक भरवशाची युक्ती आहे. वर्तमानकाळातलं 'मी' चं रूप घ्या आणि शेवटच्या 'ओ' चा 'आ' करा. 'वादो' चं 'वादा', 'फाच्चो' चं 'फाच्चा', 'दीको' चं 'दीका', 'वेंगो' चं 'वेंगा', 'पोस्सो' चं 'पोस्सा', 'वोल्यो' चं 'वोल्या', 'एस्को' चं 'एस्का', 'बेवो' चं 'बेवा', 'फिनिस्को' चं 'फिनिस्का'. म्हणूनच वर ती अट घातली होती.

या युक्तीला न जुमानणारी नेहमीच्या वापरातली सहा आहेत, ती तेवढी पाठ करा: 'सीआ' (असणे), 'आब्बिआ' (जवळ असणे), 'साप्पिआ' (माहीत असणे), 'दीआ' (देणे), 'स्तीआ' (राहणे, प्रकृतीने असणे) आणि 'देब्बा' (भाग असणे). शेवटच्याचं 'देवा' असंही रूप आहे, पण 'देब्बा' च जास्त चालतं.

अनेकवचन: 'आम्ही' चं रूप साध्या वर्तमानकाळातलंच, जसंच्या तसं: 'पार्ल्यामो', 'अंद्यामो', 'स्यामो'. याला अपवाद नाही. 'तुम्ही' साठी त्यातला 'मो' काढून 'ते' लावा: 'पार्ल्याते', 'अंद्याते', 'स्याते'. 'ते' साठी एकवचनाला 'नो' जोडा: 'पार्लिनो', 'प्रेंदानो', 'वादानो', 'सीआनो'. या 'नो' मुळे आघात सरकत नाही. 'प्रेंदानो' मध्ये जोर पहिल्या 'प्रें' वरच राहतो. मराठी बोलणारे तो हमखास मधल्या 'दा' वर देतात, कारण लांब स्वर दिसला की आपण तिथे रेंगाळतो.

लिहिताना एक काळजी: 'चेर्कारे' (शोधणे), 'पागारे' (पैसे देणे) यांचा 'क' आणि 'ग' टिकवण्यासाठी मध्ये एच घालावा लागतो. उच्चार 'चेर्की', 'पागी' असाच.

आणि 'वादी', 'वेंगी', 'फाच्ची' ही रूपं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. 'आस्पेत्ती', 'स्कूझी' च्या चालीवर सगळ्यांनाच 'ई' लावून टाकण्याची ही चूक खुद्द इटालियन लोकांतही होते, आणि विनोदी सिनेमांनी तिच्यावर इतकं हसून घेतलंय की ऐकणाऱ्याला गंभीर राहणं कठीण जातं. साध्या वर्तमानकाळाने भागवलं तर कुणी फारसं बोलणार नाही. 'वेंगी' म्हणालात तर हसतील.

तिसरी पायरी: जिथे मराठी बरोबर वाट दाखवते

मराठी वाक्यात 'वं' आला की इटालियनमध्ये कोंजुंतीवो, हा नियम इच्छा, गरज आणि हेतू या तिन्ही ठिकाणी निर्धास्त वापरा.

'वोल्यो के तू वेंगा.' तू यावंस अशी माझी इच्छा आहे.
'ए मेल्यो के तू पार्ता सूबितो.' तू लगेच निघावंस हे बरं.
'ए इम्पोर्तांते के तुत्ती आर्रीविनो इन ओरारिओ.' सगळ्यांनी वेळेवर यावं, हे महत्त्वाचं.

एकच कर्ता असेल तर दोन्ही भाषा हे रूप सोडून देतात, तेही सारखंच. 'वोल्यो अंदारे', मला जायचंय. 'वोल्यो के तू वादा', तू जावंस असं मला वाटतं. "मी जावं अशी माझी इच्छा आहे" हे मराठीत जसं पुस्तकी आणि विचित्र लागतं, तसं 'वोल्यो के ईओ वादा' हे इटालियनमध्ये सरळ चूकच ठरतं.

या पायरीवरची सगळ्यात सुंदर जागा म्हणजे 'पेर्के'. पुस्तकं सांगतात की 'पेर्के' चे दोन अर्थ: 'कारण' आणि 'यासाठी की'. पहिल्यात इंदिकातीवो, दुसऱ्यात कोंजुंतीवो. इतर देशांतले विद्यार्थी यावर डोकं धरून बसतात. आपण नुसतं 'म्हणून' म्हणायचं.

'पार्लो प्यानो पेर्के ई बांबीनी दोर्मोनो.' मुलं झोपलीयत म्हणून मी हळू बोलतो.
'पार्लो प्यानो पेर्के ई बांबीनी कापीस्कानो.' मुलांना कळावं म्हणून मी हळू बोलतो.

शब्द तोच, क्रियापदाने अर्थ बदलला, आणि तो दोन्ही भाषांत अगदी एकाच जागी बदलला. पाऊस पडतोय म्हणून छत्री घेणं वेगळं आणि भिजू नये म्हणून घेणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तसंच 'जो, जी, जे' च्या वाक्यांचं. भाड्याचं घर बघताना 'चेर्को ऊना काझा के आब्बिआ ऊन बाल्कोने' म्हणजे बाल्कनी असेल असं घर शोधतोय. असं घर आहे की नाही, ठाऊक नाही. 'आब्बिआ' च्या जागी 'आ' म्हटलंत तर बाल्कनी असलेलं एक ठरावीक घर तुमच्या डोक्यात आहे आणि ते सापडत नाहीये असं होईल. "मराठी येत असेल असा कुणी" हवा असेल तर 'क्वाल्कूनो के पार्ली माराठी'. आपल्या 'असेल असा' ला इथे कोंजुंतीवो.

चौथी पायरी: जिथे मराठी फसवते

आता अवघड निम्मं. मत.

मराठीत "मला वाटतं मार्को थकलाय" म्हणताना पुढचं क्रियापद साधं असतं. म्हणून मराठी बोलणारा माणूस अगदी सहज 'पेंसो के मार्को ए स्तांको' म्हणून जातो. नियमाने हवं ते 'पेंसो के मार्को सीआ स्तांको'. 'पेंसो के' (मला वाटतं की), 'क्रेदो के' (माझी समजूत आहे की), 'मी सेंब्रा के' (मला असं दिसतं की) ही मताची तीन दारं. तिन्हींतून आत गेलात की कोंजुंतीवो. 'दूबितो के' (शंका आहे), 'ए पोस्सीबिले के' (शक्य आहे), 'पुओ दार्सी के' (कदाचित असंही असेल) यांचंही तसंच.

इथे 'असावा' कामी येतो. मनात "मार्को थकला असावा" म्हणा, 'सीआ' तोंडावर येईल. पण 'असावा' ला मर्यादा आहे, ती लक्षात असू द्या. सिनेमा बघून बाहेर आल्यावर तुम्ही मराठीत "चांगला असावा" म्हणणार नाही, "चांगला आहे" म्हणाल. इटालियन माणूस मात्र सिनेमा बघून आल्यावरही 'पेंसो के सीआ बेल्लो' म्हणतो. त्याच्या लेखी ते अजून मतच आहे, खात्री असो वा नसो.

म्हणूनच "जिथे शंका, तिथे कोंजुंतीवो" हा क्लासमधला लाडका नियम मला फारसा पटत नाही. भावनेच्या वाक्यांत तो सपशेल पडतो. 'सोनो कोंतेंतो के तू सीआ क्वी', तू इथे आहेस याचा मला आनंद आहे. माणूस समोर बसलाय, शंका कसली? तरी 'सीआ'. 'मी दिस्प्याचे के तू नोन पोस्सा वेनीरे', तुला येता येत नाही याचं वाईट वाटतं. तिथेही तेच. मराठी 'आहे' आणि 'नाही' म्हणते, इटालियन ऐकत नाही. त्यापेक्षा पुढची सूचना जास्त उपयोगी: वाक्याचा अर्थ तपासत बसू नका, 'के' च्या आधी काय आलंय ते बघा. मत, इच्छा, भावना, शक्यता आली असेल तर कोंजुंतीवो. माहिती, खात्री, सांगणं, दिसणं आलं असेल तर इंदिकातीवो: 'सो के मार्को ए स्तांको' (मला माहीत आहे की), 'वेदो के' (मला दिसतंय की), 'दीको के' (मी सांगतो की), 'सोनो सिकूरो के' (माझी खात्री आहे की), 'ए वेरो के' (खरं आहे की). नकार लावून 'नोन सोनो सिकूरो के' केलंत की पारडं पुन्हा कोंजुंतीवोकडे.

सराव जोड्यांनीच करा. रोज पाच वाक्यं घ्यायची, प्रत्येक एकदा 'सो के' ने आणि एकदा 'पेंसो के' ने म्हणायचं, मोठ्याने. 'सो के आन्ना ए आ काझा, पेंसो के आन्ना सीआ आ काझा.' 'सो के वेंगोनो, पेंसो के वेंगानो.' लिहून हा सराव फारसा होत नाही, हे जिभेचं काम आहे.

मतातही कर्ता एकच असेल तर 'के' सोडून 'दी' आणि मूळ क्रियापद: 'पेंसो दी वेनीरे', मी येईन असं वाटतंय. 'स्पेरो दी पोतेर वेनीरे', मला यायला जमेल अशी आशा आहे.

आणि कर्ता 'तू' असेल तर तो बोलून दाखवा. एरवी इटालियनमध्ये सर्वनाम गाळतात, पण 'पेंसो के सीआ स्तांको' मध्ये थकलेला तू की तो, हे रूपावरून कळत नाही. 'पेंसो के तू सीआ स्तांको' म्हटलं की प्रश्न मिटला. सर्वनामाचा उच्चार आपल्यासारखाच, हा आयता फायदा.

काही जोडशब्द

यांना तर्क लावू नका, नुसते लक्षात ठेवा. 'बेंके' आणि 'सेब्बेने' (जरी), 'प्रीमा के' (त्याआधी), 'सेंत्सा के' (न होता), 'पुर्के' (या अटीवर), 'आ मेनो के नोन' (तसं झालं नाही तर): सगळ्यांपुढे कोंजुंतीवो. पण 'आंके से' म्हणजेही 'जरी' आणि त्याच्यापुढे इंदिकातीवो. 'बेंके प्योवा, एस्को' आणि 'आंके से प्योवे, एस्को' यांचा अर्थ एकच, पाऊस असला तरी मी बाहेर जातोय. बोलण्यात दुसरं जास्त चालतं. 'प्रीमा के' ला कोंजुंतीवो आणि 'दोपो के' (त्यानंतर) ला इंदिकातीवो, ही जोडी परीक्षेत विचारायला फार आवडते.

काळाचा सापळा

हा सगळा उद्योग 'के' च्या आधीचं क्रियापद वर्तमानकाळात असेल तोवरच. 'पेंसावो के' (मला वाटत होतं) म्हटलं की पुढे 'सीआ' नाही, 'फोस्से' लागतो. तो निराळा धडा. त्याहून दगा देणारा 'वोर्रेई के'. 'वोर्रेई' म्हणजे 'मला आवडेल', दिसायला आजचाच, पण पुढे कोंजुंतीवो भूतकाळी रूपाचा मागतो: 'वोर्रेई के तू वेनिस्सी'. तो धडा होईपर्यंत कुणाला काही करायला सांगताना 'वोर्रेई के' टाळा आणि 'प्रेफेरिस्को के तू वेंगा' ने वेळ मारून न्या.

बोलताना खरंच सगळे वापरतात का?

नाही. रोममध्ये बसस्टॉपवर कान दिलात तर 'पेंसो के ए' सर्रास ऐकू येईल. भाषाशास्त्रज्ञ फ्रांचेस्को साबातिनी यांनी १९८५ मध्ये रोजच्या मध्यम वापरातल्या इटालियनचं वर्णन केलं, त्यात कोंजुंतीवोच्या जागी इंदिकातीवो येण्याचीही नोंद आहे. हेच साबातिनी पुढे २००० ते २००८ या काळात फ्लॉरेन्सच्या 'आक्कादेमिआ देल्ला क्रुस्का' या जुन्या भाषासंस्थेचे अध्यक्ष होते. तेव्हा सूट आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. 'पेंसो के ए' खपून जातं. 'वोल्यो के तू व्येनी' मात्र परकं वाटतं. आणि लेखी अर्ज, कार्यालयाला पाठवलेला ईमेल, नोकरीची मुलाखत इथे कोंजुंतीवो चुकला की माणूस कमी शिकलेला समजला जातो. राजकीय नेत्यांचा चुकला तर दुसऱ्या दिवशी त्यावर विनोद फिरतात.

परीक्षा देणार असाल तर ही सूट विसराच. डिसेंबर २०१८ पासून लग्नामुळे किंवा दीर्घ वास्तव्यामुळे इटालियन नागरिकत्व मागणाऱ्याला बी-वन पातळीचा पुरावा लागतो, आणि सिएनाची 'चिल्स' किंवा पेरुजाची 'चेली' ही इटालियन भाषेची परीक्षा देणाऱ्यांत असे पुष्कळजण असतात. लेखी भागात दोन-तीन वाक्यं ठरवून कोंजुंतीवोची घाला: एक 'पेंसो के', एक 'ए इम्पोर्तांते के', एक हेतूचा 'पेर्के'. तोंडी परीक्षेत रूप आठवेना झालं तर 'सेकोंदो मे' (माझ्या मते) किंवा 'फोर्से' (कदाचित) ने वाक्य सुरू करा. दोन्हींपुढे इंदिकातीवो चालतो: 'सेकोंदो मे मार्को ए स्तांको'. नियम मोडत नाही आणि तुम्ही अडकलात हे परीक्षकाला कळतही नाही.

'सीआ' आणि 'आब्बिआ' ची सगळी रूपं झोपेतून उठवल्यावरही सांगता यायला लागली की पुढचा धडा जवळजवळ फुकटात पदरात पडतो. झालेल्या गोष्टीबद्दल मत द्यायचं तर याच दोघांपुढे भूतकाळवाचक धातुसाधित ठेवायचं: 'पेंसो के मार्को सीआ ज्या पार्तीतो', मार्को निघाला असावा. 'क्रेदो के आब्बिआनो काप्पीतो' असं मात्र लिहू नका. 'कापीतो' ला एकच 'प'.